सान्तियागोच्या कमरेचं पिस्तूल

२९ जून
ओब्दुलिया आज बाजारात पपई दाबून बघता बघता म्हणाली, यंदाही आमचंच पिस्तूल सान्तियागोच्या कमरेला. म्हणाली म्हणजे जाहीरच केलं. जणू संताने तिला फोन केला होता.

सणाला आमच्या संत सान्तियागोची घोड्यावरची मूर्ती भरजरी चारो, म्हणजे घोडेस्वाराच्या, पोशाखात निघते. पट्ट्यात गावातल्या एका घरचं, मेक्सिकन क्रांतीच्या काळातलं पिस्तूल. ज्यांचं पिस्तूल, ते मूर्तीच्या लगेच मागे चालतात. बाकीच्या बायका बँडच्या मागे, धुळीत. कित्येक वर्षं मी धूळ खाते आहे आणि माझी ही चुलतबहीण पुढे अशी चालते की मिरवणूक संताची की तिची, कळत नाही.

पिस्तूल माझ्याकडेही आहे. माझ्या आईच्या वडिलांनी ते लढाईत चालवलं. ओब्दुलियाकडच्यांनी फोटोपुरतं हातात धरलं. मला मत्सर वाटत नाही. मत्सर हे पाप आहे हे सिस्टर क्लोतिल्दने आम्हाला शाळेत पट्टीने शिकवलं होतं. हा न्यायाचा प्रश्न आहे.

३० जून
ट्रंकेतून काढलं. मुठीच्या दोन्ही बाजूंना शिंपल्याच्या पट्ट्या, त्यांवर कोरलेला गरुड, चोचीत साप. जरा पिवळा पडलाय. नळीवर गंज. ओब्दुलियाच्या मुठीवर नुसती वेलबुट्टी आहे. पडद्याच्या कापडावर असते तशी.
उद्यापासून रोज सकाळी एक तास सफाई. शिस्त म्हणजे शिस्त.

५ जुलै
अजून सुरुवात नाही. गुडघा.

६ जुलै
मुठीचा स्क्रू निघेना. भाजीच्या सुरीने काढला. स्क्रूची खाच गेली, सुरीचं टोकही गेलं. हल्ली सुऱ्या चांगल्या मिळत नाहीत.
तेवढ्यात ओब्दुलिया न बोलावता आली. अगं लेओ, शिंपल्याला लिंबू लावशील तर बघ, विरघळेल तो. कोमट साबणपाणी, मऊ फडकं, वर तेलाचा थेंब, झालं. आणि लोखंडाची काळी झिलई घासू नकोस बाई, तीच त्याची शोभा. असं सगळं एका दमात.
ही इतकी गोड कधीपासून झाली? मोलेच्या रश्शाची कृती सांगताना एक मिरची हमखास गाळणारी बाई ही.
म्हणजे लिंबूच.

७ जुलै
या घरात आयुष्यभर सगळं लिंबाने स्वच्छ झालंय. तांबं, मासे, हात. मुठीवरच्या पट्ट्या वाडगाभर लिंबाच्या रसात टाकल्या आणि चर्चमध्ये मिसाला गेले. परत आले तर बारीक बुडबुडे येत होते. मळ सुटतोय.

८ जुलै
पिवळेपणा गेला. चमकही थोडी गेली, पण चमक म्हणजे शेवटी भपकाच. आता खडूसारखा शालीन पांढरा रंग आलाय. गरुडाची चोच जरा बोथट झाली. साप सापडत नाही. पंख मात्र उत्तम.

१२ जुलै
लोखंडी भाग कालपासून कोका-कोलात होते. आज तारेच्या घासणीने घासले. गंज गेला. झिलईही गेली. पिस्तूल सूपच्या चमच्यासारखं लखलखतंय, तोंड दिसतं त्यात.
ओब्दुलियाने खिडकीतून पाहिलं. मग हळूच म्हणाली, तुला थोडी मक्याची आतोले-पेज आणून देऊ का गं, गरम आहे. जळफळाट लपवायची ही तिची जुनी पद्धत.

१८ जुलै
निवड झाली. माझं.
फादर फाउस्तिनोंनी दोन्ही पिस्तुलं टेबलावर ठेवली आणि माझंच उलटसुलट करून पाहत राहिले. हे कबूतर का, म्हणाले. मी म्हटलं, गरुड. ते म्हणाले, नाही नाही, कबूतरच, फार छान. मग नवे बिशप यंदा येणार आहेत, त्यांना संताच्या अंगावर शस्त्र चालत नाही, वगैरे बरंच काही सांगत होते. हे चालेल, हे अगदी चालेल, असं दोनदा म्हणाले. मी पुढचं ऐकलं नाही. ओब्दुलियाचा चेहरा बघत होते.
तिने अभिनंदन केलं. खोटं.

२५ जुलै, संध्याकाळ
मूर्तीच्या लगेच मागे चालले. नवे बूट चावले तरी ताठ चालले. चौकात बिशपसाहेबांनी मिरवणूक थांबवली आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. फादर घाईघाईने म्हणाले, खेळण्यातलं आहे साहेब, त्यावर शांतीचं कबूतर आहे, या बाईंनी केलंय. बिशपसाहेबांचा चेहरा खुलला. माझा हात हातात घेऊन विचारलं, किती सुबक, कशाचं केलंत, पुठ्ठ्याचं की पत्र्याचं?
सगळं गाव बघत होतं. सांगणार होते की हे माझ्या आजोबांचं आहे, यातून गोळ्या सुटल्या आहेत, हा गरुड होता. पण मग फादरनी तिथेच पट्टा सोडला असता आणि मी पुन्हा बँडच्या मागे.
मी म्हटलं, पत्र्याचं.
ओब्दुलिया शेजारच्या फुटपाथवर होती. तिने मान खाली घातली आणि रुमाल डोळ्यांना लावला.
हसू लपवत असणार.