उजळलेली दुनळी

मैलापूर, खंडेनवमी, २००६

शिसारी आली आज. काकांनी आजोबांची दुनळी बंदूक पूजेसाठी चक्क समया उजळणाऱ्याकडे दिली! त्याने यंत्रावर घासून नळ्या चांदीसारख्या केल्या आणि नळ्यांच्या बुडाशी असलेला नंबर, कारखान्याचे ठसे, सगळं गेलं. नंबर परवान्यात तरी आहे. ठसे कुठेच उतरवून घेतलेले नाहीत. बंदूक कोणत्या साली बनली, हे आता कशावरून सांगू? काका मात्र खूश. "बघ रे, तोंड दिसतं तिच्यात!" वर नेमका ठशांच्याच जागी कुंकवाचा टिळा. किळस आली त्या चकाकीची. नीट जेवलोही नाही. पण ओरडू कुणावर? गेल्या आठवड्यात फोनवर मीच म्हणालो होतो, "काका, ठसे नीट वाचता यायला हवेत, जरा घासूनपुसून ठेवा."