फणी आधी मनगटावर

आबा, तुमची शिंगाची फणी गेल्या महिन्यापासून पुन्हा जनावराच्या केसांतून फिरते आहे. मेंढराच्या नाही, कुत्र्याच्याही नाही, सशाच्या. "सशाला कोन विंचरतं गं?" म्हणून तुम्ही हसला असता. पण हे माळावरचे ससे नव्हेत. लांब पांढऱ्या लोकरीचे, परदेशी जातीचे तीन ससे लष्करातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आमच्या शाळेला भेट दिले. सांगलीत मुलींच्या शाळेत मी शिकवते, आबा. बी. ए. झाले, आपल्या घरातली पहिली, आणि बहुधा वाडीतलीही. तुम्ही गेलात तेव्हा मी इंग्रजी चौथीत होते. आता माझ्या वर्गातल्या मुली त्या वयाच्या आहेत.

मुख्याध्यापिका बाईंना ससे नको होते. हट्ट माझा. दया पुस्तकातून शिकवता येत नाही, हाताला काम दिलं तरच ती अंगात येते, असं मी शिक्षकांच्या सभेत जरा मोठ्यानेच बोलले. ते अजूनही मला खरं वाटतं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, स्वच्छ आणि धडधाकट राहिले तर राहतील. नाहीतर ज्यांचे त्यांना परत." परत म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. "आमचा खानसामा सशाचं कालवण फार चांगलं करतो," असं त्या गृहस्थांनी ससे देतानाच हसत हसत सांगितलं होतं.

दोन महिन्यांत तिघांतल्या धाकट्याच्या कानामागे आणि पोटाखाली लोकरीच्या गाठी बसल्या. मी मुंबईहून ब्रश मागवला होता. लाकडी दांडा, बारीक पोलादी तारा, सोबत इंग्रजी माहितीपत्रक. एका सोमवारी मधल्या सुटीनंतर मुलींना भोवती बसवलं, माहितीपत्रक वाचून त्याचा अर्थ सांगितला आणि ब्रश चालवला. चौथ्या हाताला सशाने अशी लाथ झाडली की तो माझ्या मांडीवरून सुटला. लोकर बाजूला करून बघते तर कातडीवर तांबड्या रेघा. तो सशांच्या जाळीदार पेटीच्या कोपऱ्यात कान पाडून बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने लसूणघासाच्या काडीला तोंड लावलं नाही. बाई येऊन बघून गेल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "शनिवारी पुन्हा बघते," एवढंच म्हणाल्या.

त्या सकाळी पेटीपुढे उकिडवी बसले होते, तेव्हा मला साताऱ्याचा बंगला दिसू लागला. आपली मेंढरं रोगात गेली आणि तुम्ही डॉक्टरसाहेबांकडे कामाला लागलात, ते वर्ष. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर तुम्ही बसला आहात, मांडीवर घोंगड्याचा तुकडा, त्यावर बाईसाहेबांचा तो बुटका, झिपरा कुत्रा. शेजारी तुमची हत्यारं: एका अंगाला विरळ आणि एका अंगाला दाट दातांची फणी, घोसाळ्याची वाळलेली जाळी, करंजाच्या तेलाची बाटली आणि टोकं दगडावर घासून बोथट केलेली कातर. मी कुत्र्याचं डोकं धरून बसले आहे. आचारीकाका दारात तांदूळ निवडत उभे.

"काय मामा, मेंढरं सपली, आता कुत्री भादरताय व्हय?"

"सवय जायला नगं हाताची. तुमचं डोस्कं बी लय वाढलंय, बसा की खाली."

आचारीकाका इतके हसले की ताटातले तांदूळ सांडले. मला मात्र 'भादरणं' हा शब्द आवडला नाही. मी शाळेत जाणारी. "आबा, केस कापतो म्हणावं," मी तुम्हाला त्यांच्यादेखत सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. "बरं बाय, कापतो."

मग तुम्ही माझ्या हाती फणी दिलीत. मी गाठ दिसताच मुळापासून ओढली. कुत्रा कळवळला. तुम्ही ओरडला नाहीत. माझी वेणी सोडलीत आणि माझ्या गुंत्यातून फणी तशीच मुळापासून ओढलीत.

"लागलं?"

"व्हय!"

"त्येलाबी लागतंय. त्येला सांगता येत न्हाई, येवढंच." आणि मग तुम्ही तुमच्या हाताने दाखवलंत. केस मुळाशी चिमटीत धरायचे, म्हणजे ओढ कातडीला पोचत नाही. सुरुवात टोकापासून, विरळ दातांनी, थोडं थोडं वर सरकत. गाठ सुटलीच नाही तर फणी कातडी आणि गाठीच्या मध्ये घालायची आणि कातर फणीच्या वरून चालवायची, खालून कधीच नाही. दाट दात शेवटी, पिसवांसाठी.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. तुम्ही सदऱ्याची बाही वर सारून फणी मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढायचात. रोज. "जितं आपलं कातडं पातळ, तितं तिला इचारायचं." आठवड्याच्या बाजारात ही फणी घेताना तुम्ही आधीच्या सहा फण्या मनगटावर ओढून परत ठेवल्यात, तेव्हा विकणारा वैतागला होता. "आवं पाव्हणं, फणी घेताय का सोयरीक जुळवताय?" तुम्ही सातवी ओढत म्हणालात, "चुकली तर दोन्ही टोचत्यात." मी लाजेने दुसरीकडे बघत होते. मला कुठे माहीत होतं, की हत्यार निवडण्याचा माझा पहिला धडा तिथे चालला आहे.

मी बोर्डिंगात निघाले तेव्हा तुम्ही ती फणी घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मला दिलीत. "आता माझ्यापाशी जनावर कुटं हाय? तुजी वेणी घाल." मी एकदाही घातली नाही. तिला लोकरीचा आणि करंजेलाचा वास येत होता. ती ट्रंकेच्या तळाशी गेली आणि कॉलेज संपल्यावरही तिथेच राहिली.

त्या मंगळवारी ती काढली. मुली भोवती होत्याच. मी पोलक्याची बाही वर केली, आधी मुंबईचा ब्रश मनगटावर ओढला. चार पांढऱ्या रेघा, बघता बघता तांबड्या झालेल्या. मग फणी. काहीच उठलं नाही. मुलींनी एकेक करून आपापल्या मनगटांवर दोन्ही ओढून पाहिली. मला काही सांगावं लागलं नाही. ससा म्हणजे कुत्रा नव्हे, एवढं मी माझ्या डोक्याने धरलं. त्याला पाण्यात घातलं नाही, तेल लावलं नाही, लाथेने पाठ मोडू नये म्हणून मागचे पाय तळव्यावर तोलून धरले. कानामागच्या गाठी टोकापासून सुटल्या. पोटाखालच्या दोन सुटेनात, तिथे फणी मध्ये घालून वरून कातर चालवली. गाठी अलगद निघाल्या, आबा. हा तुमच्या हाताखाली तयार झालेला हात आहे.

"बाई, याला काय म्हणायचं?" एकीने विचारलं.

"भादरणं," मी म्हणाले. सगळ्या खिदळल्या. मी म्हणाले, "हसा. माझे वडील मेंढरं भादरायचे. त्यांनी मला हे शिकवलं."

संध्याकाळी त्याने लसूणघास खाल्ला. शनिवारी बाईंनी त्याची लोकर फुंकर मारून पाहिली, गुलाबी कातडी पाहिली आणि फणी हातात घेऊन विचारलं, "ही कुठे मिळते?" ससे राहिले. आता दर मंगळवारी आमचा तास असतो, आणि आधी फणी मनगटावर ओढून दाखवल्याशिवाय कोणाला सशाला हात लावता येत नाही.

हे पत्र मी घोंगड्याच्या त्याच तुकड्यात फणीबरोबर ठेवणार आहे. मुलींना मी सांगितलं, की पहिल्या दिवशी ब्रश मनगटावर बघायला मी विसरले. त्यांना ते पटलं. पण मी विसरले नव्हते. ब्रश उचलला तेव्हा डावा हात बाहीपर्यंत गेला होता. हे कुठे शिकलात, असं कोणीतरी विचारेल, म्हणून मी तो मागे घेतला.