दोन तासांच्या आत

मंगरूळपीर तालुका, एप्रिल १९७४

शेषरावभाऊंस तुमच्या जवायाचा, जानरावचा, सप्रेम जयभीम. इकडं सारे खुशाल हाये, म्हणजे मी अन् शेळी. तुमचा गुडघा कसा हाये? (एरंडाचा पाला बांधून पाहा, पण गरम करून, मागच्या वेळेसारखा गारच बांधू नका.) वच्छला अन् गंगू तुमच्याकडं सुखरूप पोचल्या हे कंडक्टरकडून समजलं. ती काहून आली ते तिनं सांगतलंच असन, पण अर्धंच सांगतलं असन, कारण ती अर्ध्यातूनच उठून गेली. उरलेलं अर्धं मी लिहून राह्यलो. ते तिले मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे सोमवारच्या यष्टीनं ती घरी येईन. तिच्याबिगर घर खायले उठते, भाऊ.

तर झालं असं. रविवारी लग्नाहून परत येताना सोसायटीचा ट्रॅक्टर मीच हाकत होतो. मागं ट्रॉलीत बाया अन् लेकरं. (ट्रॉलीत माणसं बसवू नये असाही एक कायदा हाये म्हणे, पण तो त्या दिवशी कोणालेच आठवला नाही.) फाट्याच्या वळणावर ट्रॉलीचं एक चाक जरासं नालीत उतरलं. जरासंच. तिथंच रतनसिंग हवालदार उभा होता. त्यानं माह्या तोंडापाशी नाक आणलं, घड्याळ पाह्यलं, वहीत बारा वाजून दहा मिनिटं असं लिहिलं अन् मले अटक केली. वच्छलेनं गंगूले कडेवर घेतलं अन् माह्याकडं न पाहता यष्टीच्या थांब्यावर जाऊन उभी राह्यली. तिनं जरासा दम धरला असता तर पुढचा चमत्कार तिनंही पाह्यला असता.

चमत्कारच म्हणतो मी. मले वाटलं आता दोन कानफटात बसन. पण रतनसिंगानं वही मिटली अन् शाळामास्तरासारखं समजावून सांगतलं, "जानराव, तुले दोन तासांच्या आत डॉक्टरपुढं उभं करणं मले भाग हाये. नाही जमलं तर तुले सोडून द्या लागते. असा कायदाच हाये." भाऊ, मी गारच पडलो. आमचा आजा शिपाई दिसला की जवारीत लपे. त्याच्या नातवासाठी सरकारनं घड्याळ लावून ठेवलं, अन् तेही नातू पेलेला असल्याचा संशय असताना! बाबासाहेबांनी घटना लिहिली तवा आपल्यासाठी काय काय झालं ते सभेत लय ऐकलं होतं, पण कायदा असा पुढ्यात येऊन माह्याशी नीट बोलन, असं सपनातही वाटलं नव्हतं.

पण दवाखाना मंगरूळले, आठ मैल. पोलिसाची जीप पोहरादेवीच्या यात्रेच्या बंदोबस्ताले गेलेली. मंगरूळची यष्टी चार वाजता. ट्रॅक्टर समोर उभाच होता, पण तो हाकणारा तिथं मी एकटा, अन् मलेच हाकायची मनाई. राह्यली सायकल. रतनसिंगानं मले कॅरिअरवर बसवलं अन् पायडल मारायले लागला. मी म्हणलं चढावर उतरतो, तर म्हणे नको, तू पळशील. ऊन असं, की डांबर पाघळून राह्यलं होतं. त्यानं आपला रुमाल मले डोक्याले बांधायले देल्ला, बाटलीतलं पाणी आधी मले पाजलं. वावरातली माणसं उठून पाहत. एका म्हाताऱ्यानं तर मले हात जोडले. त्याले वाटलं कोणी मोठा साहेब चालला. वाटेत माही चप्पल चारदा पडली, अन् चारही वेळा तो बिचारा सायकल फिरवून मागं गेला. कैद्याचं पायताण रस्त्यावर टाकून जाणं त्याले पटेना.

दवाखान्यात पोचलो तवा भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून एकवीस मिनिटं झालती. डॉक्टरनं इचारलं, अटक कवा केली? वही रतनसिंगाच्याच हातात होती. बाराचे साडेबारा करायले कितीसा वेळ लागते? पण त्यानं वही उघडून तशीच पुढं केली अन् म्हणाला, "अकरा मिनिटं वर गेली, साहेब. ह्याले सोडा लागते." घामानं त्याचा सदरा पाठीले चिकटला होता. माह्या डोळ्याले पाणी आलं. मले तपासलंच नाही, तवा मी पेलेला होतो असं कायद्यानं कोणालेच म्हणता येत नाही. वच्छलेलेही नाही. हे तिले नीट समजावून सांगा अन् सोमवारी पाठवून द्या.

तुमचा जवाई,
जानराव

ता. क. हे फक्त तुमच्यापुरतं. चप्पल पहिल्यांदा आपोआप पडली. बाकीच्या तीन वेळा मी पाडली. रतनसिंगाच्या तोंडाकडं पाहायची आता लाज वाटते.

आणखी एक. भाऊ, मी पेलो होतो. मांडवामागं मोहाची दोन गिलास. विहारात दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणताना माहा आवाज बारीक होते, हे वच्छलेले लय दिसांपासून माहीत हाये. अन् चाक जरासं उतरलं नव्हतं. ट्रॉली कलंडली होती. गंगू मांडीवरून उडाली, अन् वच्छलेनं तिले एका पायाले धरलं. मी मागं पाह्यलं तवा पोरगी उलटी लोंबकळून हसत होती, तिले खेळच वाटला. रतनसिंगानं तिले इचारलं, बाई, हा पेला हाये काय? तिनं गंगूले कडेवर घेतलं अन् थांब्याची वाट धरली. मले कायद्यानं दोन तास देल्ले, तिले पापणी लवायचाही वेळ नव्हता.

लायसन याच पाकिटात घातलं हाये, ते तिच्या हातात द्या. सोसायटीले सांगतलं, ट्रॅक्टर हाकायले आता दुसरा माणूस पाहा. तिले यष्टीनं पाठवू नका. सोमवारी मीच पायी येतो. दारात उभा राहीन, तिनं माह्या तोंडाचा वास घ्यावा, अन् ती म्हणन तरच आत येईन. तिले एवढंच वाचून दाखवा. वरचं पत्र नाही वाचलं तरी चालते.