मार्च लागायच्या आत

मी, आपोलोनी देलमास, पहिल्या घरची कै. लाँबेर गिराल यांची विधवा, हल्ली श्री. सिल्व्हें बोनाल यांची लग्नाची बायको, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार पेशोव्हेर, पायांनी गेलेली परंतु डोक्याने पुरती शाबूत, आज स्वतःच्या पलंगावर पडून, कोणाच्या धाकाला वा लाडीगोडीला बळी न पडता, हे मृत्युपत्र नोटरी श्री. रूक्येत यांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. आमच्या कायद्यात बाईला नवऱ्याला विचारल्याशिवाय जमिनीचा तुकडा विकता येत नाही. मृत्युपत्र तेवढं न विचारता करता येतं. ती सवलत मी घेते. "हे लिहायची गरज नाही, बाई," असं नोटरी म्हणतात. लिहा म्हटलं. मरतेय मी, तुम्ही नाही.

कलम पहिले. माझे राहते घर, मागील चेस्टनटची बाग आणि फळे वाळवण्याची झोपडी ही सर्व मी सेलेस्त हिला देते. सेलेस्त ही देल्फीन व्हिदाल हिची मुलगी, वय वर्षे नऊ. तिचं नाक कोणाचं आहे हे पेशोव्हेरच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे, पण बापाचं नाव लावायला कायदा तिला देत नाही, कधीच देणार नाही, कारण तिचा बाप माझा नवरा आहे. आता हे कसं झालं ते सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीला चळ लागला होता.

बादशहा नेपोलियन चढतीला होता तेव्हा माझ्या लाँबेरने फेरीवाल्याकडून त्याचं रंगीत चित्र घेऊन चुलीवर टांगलं. लढाई जिंकल्याची बातमी आली की बाटली फोडायचा. मग फौजेत न्यायच्या पोरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. बार्तेलेमी गाणी म्हणत गेला आणि स्पेनमध्ये मेला. ज्युस्तँ रडत गेला, माझा हात सोडवत नव्हता त्याला. तो रशियाच्या बर्फात गेला आणि मेल्याची खबरसुद्धा आली नाही. त्याच हिवाळ्यात लाँबेरने भिंतीकडे तोंड केलं ते पुन्हा वळवलं नाही. बादशहाही पुढे दूर समुद्रातल्या बेटावर मेला म्हणतात. त्याला निदान मृत्युपत्र करायला सवड मिळाली. माझ्या पोरांना कोणी विचारलं?

अठराशे तेराच्या अखेरीस पुन्हा फौजभरतीची दवंडी आली. शेजारचा सिल्व्हें तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याची आई माझ्या दारात येऊन बसली.

"लग्न झालेल्याला नेत नाहीत, आपोलोनी."

"मग कर त्याचं लग्न. देल्फीनशी जमलंय ना त्याचं?"

"तिचा बाप ऐकत नाही गं. म्हणतो, आज सोडतील, उद्या लग्न झालेल्यांनाही नेतील, मग विधवा पोरगी माझ्याच गळ्यात."

मी म्हटलं, "मग मला नवरी कर."

ती हसली नाही. मीही हसले नव्हते. बादशहाने माझे दोन नेले, तिसरा त्याला द्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या वर्षी आमच्या डोंगरात माझ्यासारख्या आणखी नवऱ्या झाल्या, काही तर काठी टेकत गेल्या. मेयर कॉस्त यांनी तिरंगी पट्टा कमरेला बांधून विचारलं, आणि सिल्व्हें माझ्याकडे बघत म्हणाला, "मावशी, मला कबूल आहे." तो आजही मला मावशीच म्हणतो. आमच्यामध्ये नवराबायकोचं काहीही झालेलं नाही, हे मी देवाला स्मरून सांगते.

बोली अशी होती की लढाई संपली की काडीमोड. चौदाव्या साली बादशहा पडला, त्याला जवळच्या एका बेटावर धाडलं, राजा परत आला, त्याचं पांढरं निशाण लागलं, आम्ही मेयरकडे गेलो. तर कायदा आडवा आला: बाई पंचेचाळिशीच्या पुढे गेली की नुसत्या राजीखुशीने काडीमोड होत नाही, नवऱ्याने छळ केल्याचं शाबीत व्हावं लागतं. ठीक आहे म्हटलं, बाजाराच्या दिवशी चारचौघांत मार मला. सिल्व्हें चौकात उभा राहिला. हात उचलला. मी ओरडले, "मार की रे, मुडद्या!" तो रडायला लागला आणि माझ्या पाठीवरची टोपली उचलून घरी चालायला लागला. सगळा बाजार हसला.

वसंतात पुन्हा बघू म्हटलं, तोवर बादशहा बेटावरून परत आला. जो तो सांगू लागला, लग्न मोडू नका, पुन्हा पोरं नेणार. आम्ही थांबलो. उन्हाळ्यात तो कायमचा पडला, आणि पुढच्याच वर्षी राजाने काडीमोडच बंद करून टाकला. बादशहा बुडाला, त्याची फौज बुडाली, माझी पोरं बुडाली. माझं लग्न तेवढं टिकलं.

कलम दुसरे. माझ्या पहिल्या नवऱ्याचा पुतण्या फुल्क्रां गिराल या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात जाईल. राजा परत आला तेव्हा हा टोपीला पांढरी फीत लावून, टोळकं घेऊन, बादशहाचं चित्र शोधायला आला होता. चित्र सापडलं नाही म्हणून माझ्या मधमाश्यांची घरं फोडली आणि सिल्व्हेंच्या दोन बरगड्या मोडल्या. त्याला मी चेस्टनटची टरफलं तुडवायचे खिळ्यांचे बूट देते. घालून नाचावं.

कलम तिसरे. ते चित्र गादीत शिवलेलं आहे. ते मेयर कॉस्त यांना द्यावं. त्यांचे दोन्ही पट्टे, बादशहाचा तिरंगी आणि राजाचा पांढरा, एकाच पेटीत असतात. वारा कधी फिरेल सांगता येत नाही, घरात असलेलं बरं.

कलम चौथे. तांब्याची मोठी कढई, पलंग व पांघरुणं देल्फीनला. नोटरी विचारतात, ज्युस्तँ परत आला तर? सतरा वर्षं झाली, साहेब. पण आलाच, तर सेलेस्तने त्याला आधी सूप वाढावं, जेवू द्यावं, आणि मग कायदा सांगावा.

कलम पाचवे, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. देल्फीन पुन्हा पोटुशी आहे. एप्रिलात, ईस्टरला बाळंत होईल. ते लेकरू तिच्या आणि सिल्व्हेंच्या लग्नानंतर जन्मलं तर बोनाल होईल, आधी जन्मलं तर सेलेस्तसारखंच बिननावाचं. लग्नाची नोटीस मेयरच्या दारावर दोन रविवार लागावी लागते. लेकरू महिनाभर आधी आलं तरी निभावलं पाहिजे, म्हणजे मला मार्च लागायच्या आत मेलं पाहिजे. माझी माती झाली की पहिल्याच रविवारी नोटीस लावावी. सुतक पाळू नये. विधवेला दहा महिने थांबावं लागतं, विधुराला एक दिवसही नाही. कायदा लिहिणारे कोण होते ते यावरून कळतं.

डॉक्टर म्हणतात, ऊब आणि सूप मिळालं तर म्हातारी उन्हाळ्यातल्या चेरी खाईल. मला चेरी नकोत. पण ही देल्फीन! जिने माझ्या मरणाची वाट बघावी तीच नोव्हेंबरपासून मला उचलते, धुते, भरवते. काल म्हटलं, "लाकूड घालू नकोस. विझू दे ती चूल."

"गप बसा, मावशी. सूप गार होतंय."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? स्वतःचं पोट बघ!"

"पोट माझं आहे. माझ्या माणसाला तुम्ही जिवंत ठेवलात. आ करा."

आ केला मी. काय करणार? जीव द्यायला धर्माची बंदी, आणि भूक लागते हो, लाज वाटावी इतकी लागते.

कलम सहावे. परसातला लाकडांचा साठा देल्फीनला देते, या अटीवर की आजपासून त्यातलं एकही माझ्या खोलीत जाळू नये.

नोटरी म्हणतात, "बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. जिवंतपणी त्यातला हुकूम चालत नाही."

मग असला कायदा काय चुलीत घालायचा? हेही लिहा.

वरील मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहून चार साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविला. तो बरोबर असल्याचे सांगून, लिहिता येत नसल्याने सही करता येत नाही असे मृत्युपत्रकर्तीने जाहीर केले.

साक्षीदार: ओगुस्तँ मालाव्हाल, लोहार. सिप्रिएँ तेरोंद, खाटीक. नोएल कांब्रे, शेतकरी. एतिएन रेनाल, चक्कीवाला.

नोटरी: रूक्येत.

स्थळ पेशोव्हेर, मृत्युपत्रकर्तीच्या राहत्या घरी. दिनांक ९ फेब्रुवारी १८२९.

नोंद: वाचन चालू असताना देल्फीन व्हिदाल हिने दोन वेळा आत येऊन चुलीत लाकूड घातले. मृत्युपत्रकर्तीने दोन्ही वेळा हरकत घेतली. तिच्या आग्रहावरून ती हरकत येथे नोंदविली आहे.