रिंग रणगाड्याची

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या चितेगावच्या कारखान्यात जर्मनीहून आमच्या गिऱ्हाईक कंपनीचे युर्गन साहेब आले होते. सात वर्षं आम्ही त्यांच्या कंपनीच्या मोटारींसाठी स्टीलच्या रिंगा करतो आणि मी त्या मोजून पास करते. यंदा ऑर्डर इतकी घटली की दोन मशीनं बंदच आहेत. आज त्यांनी नवं ड्रॉइंग आणलं. रिंग तीच, फक्त जाड. कशासाठी, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मशीनवरच्या लतीफभाईंनी नमुना काढून दिला. मला राहवेना. विचारलंच, "सर, ही कुठल्या गाडीला?"

"रणगाड्याला," ते सरळ म्हणाले. "आमच्या मोटारी आता खपत नाहीत, चीनच्या स्वस्त पडतात. शेजारी लढाई चाललीय, जुन्या दोस्तांचा भरवसा नाही. म्हणून आमचं सरकार रणगाडे मागतंय. कारखाना तोच, माल वेगळा."

लतीफभाई हसले. "मॅडम, अपने को क्या, रिंग तो रिंग है. मशीन चालू झालं म्हंजे बास."

तसं असेल का? युरोप मला निवांत, श्रीमंत मुलूख वाटायचा. तोही घाबरतो? मी युर्गन साहेबांना विचारलं, "तुम्हाला बरं वाटतं का हे काम?"

त्यांनी रिंग बोटांत फिरवली. "घरी बसलेली आमची माणसं कामावर परत आली, त्याचं बरं वाटतं. पण माझी लेक फौजेत चाललीय. बाकीचं विचारू नका."

मी नमुना तीनदा मोजला. बरोबर होता. सही केली. मोटारीच्या रिंगांसाठी करते तितक्याच सहज केली, आणि आता घरी बसून त्याचंच नवल वाटतंय.