‘भरधाव’ने वाखाणलेली गाडी

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १२ नोव्हेंबर १९३४

चि. आत्माराम यास गोदाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. तुझ्या ‘भरधाव’चा दिवाळी अंक आला आणि माझे डोके उठले. शर्यती मोटारींचे मासिक म्हणून मोठ्या हौसेने काढलेस, आणि पहिली सहा पाने कुणा संस्थानिकाच्या कुत्र्यांची! दर महिन्याला आमच्या गॅरेजच्या पडवीत मंडळी जमतात आणि अंक मला मोठ्याने वाचायला लावतात. ह्यांनी पंधरा वर्षे आगबोटीचे इंजिन सांभाळले, पण अक्षरांशी त्यांचे कधी जमले नाही. कुत्री आली तेव्हा हे पाना उचलून तडक आत गेले.

आमच्या मास्तरांकडे साधी सायकल नाही, पण त्यांना कार्बुरेटरची आकृती हवी, कापून वहीत चिकटवायला. डॉक्टरांना हवे, गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच. आमच्या दगडांवर घासेल की नाही. हे म्हणतात, गाडीत वाईट काय ते एकदा तरी छापा. तुझ्या अंकातल्या सगळ्याच गाड्या उत्तम कशा?

लाकडाचे व्यापारी गंगारामशेठ मात्र खूश आहेत. तू वाखाणलेली ती तांबडी, दोन माणसांची विलायती गाडी ते घेणार. तू लिहिलेस की घाटात तिला गिअर बदलावा लागत नाही, नुसत्या ब्रेकवर खुशाल सोडावी. हे विचारतात, कुठल्या घाटात उतरवून पाहिलीस? उलट टपाली कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. अक्कावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
गोदाअक्का

मुंबई, ता. २० नोव्हेंबर १९३४

ती. स्व. सौ. अक्कास आत्मारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र म्हणजे परीक्षकाचा शेराच! संपादकाची दशा तुला काय सांगू? एकाला आकृत्या हव्यात, दुसऱ्याला शर्यतींचे निकाल, तिसरा लिहितो की बायकोला दाखवता येतील अशी चित्रे छापा. कुत्री त्या तिसऱ्यासाठी होती.

तांबडी गाडी फार देखणी आहे. एजंटाने मला स्वतः शेजारी बसवून हिंडवले. गंगारामशेठना कळव, निर्धास्तपणे घ्यावी. भाऊजींना म्हणावे, आगबोटीला ब्रेक नसतो, म्हणून त्यांना ब्रेकचा एवढा संशय!

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर कृपादृष्टी असू दे.

तुझा,
आत्माराम

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. ९ जानेवारी १९३५

चि. आत्मारामास आशीर्वाद.

खुशाल लिहिण्यासारखे काही नाही. शनिवारी गंगारामशेठ कोल्हापुराहून नवी गाडी घेऊन येत होते. हे सोबत होते. आंबा घाटाच्या माथ्यावर ह्यांनी सांगितले, खालचा गिअर घाला. शेठ हसले. ‘भरधाव’मध्ये काय छापले आहे ते त्यांनी ह्यांनाच ऐकवले. अर्ध्या घाटात ब्रेकमधून धूर निघाला, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबेना. उजवीकडे दरी. ह्यांनी शेठच्या हातातले चाक धरून डावीकडे ओढले आणि गाडी दरडीवर घातली. डावीकडे हे स्वतःच बसले होते.

शेठना खरचटले. ह्यांचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणतात, गुडघा पुन्हा वाकणार नाही.

मी एवढेच विचारते आहे, आणि या खेपेस थट्टा नको. ती गाडी कुठला घाट उतरली होती?

गोदा

मुंबई, ता. १५ जानेवारी १९३५

ती. स्व. अक्कास शि. सा. न.

कुठलाच नाही. चौपाटीवरून वरळीपर्यंत गेलो, चहा घेतला आणि परत आलो. घाटाचे वाक्य एजंटाने लिहून दिले, मी छापले. आमचे मलपृष्ठ त्याच्याच जाहिरातीचे असते. आता खरे छापले तर जाहिरात जाईल आणि मासिक बसेल. तरी मी महिनाअखेरच्या बोटीने फळे घेऊन येतो, भाऊजींचे पाय धरतो.

अपराधी,
आत्माराम

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. २१ जानेवारी १९३५

चि. आत्मारामास आशीर्वाद.

फळे इथे पुष्कळ आहेत. ह्यांचे पाय धरू नकोस, एकच धरण्यासारखा आहे. हे तुझ्यावर रागावलेले नाहीत, याचाच मला जास्त राग येतो.

मास्तर सांगत होते, साताऱ्याच्या कुणी तशीच गाडी घेतली आहे आणि होळीला बायकोला घेऊन तो कोकणात उतरणार आहे. त्यानेही तुझाच अंक वाचला असेल. हे खाटेवर पडल्या पडल्या सांगत गेले आणि मी लिहून घेतले: किती मैलांवर धूर आला, ब्रेक का पकडत नव्हते, गाडी कशी उतरवायला हवी होती. सोबत पाठवते. एक अक्षर न बदलता छाप, आणि चौपाटीचा चहासुद्धा छाप. नाहीतर बोटीतून उतरूच नकोस.

तुझी,
अक्का

मुंबई, ता. ४ एप्रिल १९३५

ती. स्व. अक्कास शि. सा. न. वि. वि.

फेब्रुवारीत सगळे छापले, चहासकट. एजंटाने जाहिरात काढून घेतली. गुळगुळीत कागद गेला, चित्रे गेली, अंक सोळा पानांवर आला. मी चंबूगबाळे आवरायलाच बसलो होतो.

मग पत्रे येऊ लागली. सातारकर लिहितात की अंक वाचून त्यांनी गाडी घरीच ठेवली आणि होळीला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने उतरले. बाकीच्यांचे मागणे एकच: घाटाचा वृत्तान्त सांगणाऱ्या गृहस्थांनी दरमहा एक गाडी तपासून लिहावे. भाऊजी ऐकतील का?

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आत्माराम

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १७ मे १९३५

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

ह्यांनी ऐकले, पण डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही. पंधरा दिवस घरात पाने-पकडींची आदळआपट चालली होती. शेवटी मीच कंटाळून म्हटले, मला शिकवा. माळावर रोज सकाळी शिकले. सासूबाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि आळीतल्या येसूबाईंनी मुलांना घरात ओढून घेतले.

मंगळवारी डॉक्टरांची नवी गाडी घेऊन आम्ही आंबा घाट चढलो आणि उतरलो. हे शेजारी बसून पायथ्याच्या साखरप्यापर्यंत ओरडत होते, गिअर गो, गिअर! मीही ओरडून सांगितले की घातला आहे. पाणी दोनदा उकळले, गाडीचे पोट तीनदा घासले, ब्रेक मात्र थंड राहिले. सगळे सोबतच्या कागदावर आहे, वाईटसुद्धा.

खाली नाव कुणाचे घालायचे यावर इथे दोन दिवस वाद चालू आहे. सासूबाई म्हणतात ह्यांचे घाला. मास्तर म्हणतात टोपणनाव घ्या. हे तंबाखू मळत बसले, आणि आज सकाळी म्हणाले, चाकावर जो होता त्याचे.

माझे घाल. पूर्ण नाव घाल.

तुझी,
गोदा