सारिकाचं छत

गुरुवार, संध्याकाळ. सोलापूर.

सारिकाचं ते छत काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्या रेचल मॅडम मुंबईच्या ज्यू शाळेत शिकल्या. तिथं दरवर्षी एका सणाला मुलं स्वतःच्या हातांनी मांडव उभारायची. पूर्वज रानात भटकले, त्याची आठवण म्हणून. यंदा मॅडमनी माझ्या सहावीच्या वर्गाकडून शाळेच्या मैदानात तसाच मांडव करून घेतला. छताचं काम सारिकाकडे. तिचे आईवडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, कापडाच्या पालात राहतात. पोरीनं कडबा असा दाट अंथरला की उन्हाची तिरीपसुद्धा आत येईना. मी मोठ्यानं शाबासकी देऊन बसले. मलाच घाई!

रेचल मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, थोडं विरळ कर. रात्री छतातून तारे दिसायला हवेत, तशी रीतच आहे."

सारिका मुकाट्यानं पेंढ्या काढायला लागली. इतकं चांगलं छत! मला राहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या पालातून दिसतात का गं तारे?"

"दिसत्यात की," ती म्हणाली. "म्हणून तर बा नवं कापड आणणार हाय."

मॅडम आणि मी, दोघीही नुसत्या वर बघत राहिलो. भर दुपारी.